हॉर्न गप्प का झाला? एका वायरिंग आकृतीचं आणि एका सूचना-पत्रकाचं परीक्षण



"क्रिटिकली वाच" हे गाइडचं वाक्य तुम्ही ऐकलं असेल, नाहीतर पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा नक्की ऐकाल. म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. मग आपण पेपर उघडतो, हायलायटर घेतो आणि सगळंच महत्त्वाचं वाटून अख्खं पान पिवळं करतो. पहिलं वर्षभर मीही तेच केलं.

आज मी परीक्षणासाठी पेपर घेतलेला नाही. दोन साधे कागद घेतलेत. एक आहे एका जुन्या अमेरिकन गाडीच्या हॉर्नची वायरिंग आकृती. दुसरा आहे त्याच गाडीचं स्टीअरिंग बदलायच्या किटबरोबर आलेलं सूचना-पत्रक. दोन्ही कागद मेहनतीने केलेले आहेत, दोन्हींत ढोबळ चूक सापडत नाही. तरी दोन्ही समोर ठेवून नीट काम केल्यावर गाडीचा हॉर्न बंद पडला. असं कसं झालं, एवढाच आजचा विषय आहे.

गाडीतलं काही कळत नसेल तर घाबरू नका. मलाही स्कूटीपलीकडे काही येत नाही. बारावीचा ओहमचा नियम आठवत असला की पुरे.

गाडी आणि तक्रार

माझा आतेभाऊ अमेरिकेत मिशिगनला असतो. त्याने तीन वर्षांपूर्वी १९५६ ची शेव्हरोले बेल एअर घेतली. १९५५, १९५६ आणि १९५७ या तीन वर्षांतल्या शेव्हरोले गाड्या तिथल्या शौकिनांच्या फार लाडक्या आहेत. त्यांना 'ट्राय-फाइव्ह' असं नावच पडलंय. १९५५ साली शेव्हरोलेच्या गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या आणि त्याच वर्षी त्यांचं नवं व्ही-८ इंजिन आलं. त्यामुळे या गाड्यांवर पुढचं काम करणं सोपं जातं.

दादाची गाडी दिसायला देखणी, पण स्टीअरिंग जड. पार्किंग करताना दंड भरून यायचे. म्हणून त्याने रॅक अँड पिनियनचं किट आणलं. मूळ गाडीत चाकापासून एक लांब सलग पोलादी दांडा थेट खालच्या स्टीअरिंग बॉक्समध्ये जातो, आणि तो बॉक्स चासिसला बोल्टने घट्ट आवळलेला असतो. किट बसवताना हा सलगपणा संपतो. वरचा दांडा छोटा होतो, मग एक जोड, मधला दांडा, आणखी एक जोड आणि शेवटी रॅक. दादाच्या किटमध्ये एका जोडाच्या पोटात रबर होतं, रस्त्याची थरथर हाताला लागू नये म्हणून. आणि रॅक चासिसला धरलेला होता पॉलियुरेथेनच्या बुशमधून.

काम झालं, स्टीअरिंग लोण्यासारखं हलकं झालं आणि हॉर्न गेला. सुरुवातीला दादाने मनावर घेतलं नाही. मग एक दिवस गल्लीत कुणीतरी मागे न बघता घरातून गाडी रिव्हर्समध्ये बाहेर काढली. दादाचा हात सवयीने चाकाच्या मध्यावर गेला, त्याने दाबलं, आणि काहीच झालं नाही. ब्रेक लागला म्हणून निभावलं. त्या रात्री फोन आला, "अगं, तू फिजिक्सवाली ना? मी दोन्ही कागद पाठवतो. बघ जरा, कुठे चुकलं ते."

पहिला कागद: वायरिंग आकृती

आकृती वाचायला सोपी आहे. बॅटरीकडून वायर येते ती हॉर्नच्या रिलेपर्यंत. रिले म्हणजे छोट्या प्रवाहावर चालणारा स्विच, तो मोठा प्रवाह सुरू-बंद करतो. या रिलेला तीन टोकं आहेत. 'बी' बॅटरीकडे, 'एच' हॉर्नकडे आणि 'एस' चाकावरच्या बटणाकडे. रिलेच्या आत 'बी' आणि 'एस' यांच्यामध्ये तारेचं वेटोळं आहे. बटण दाबलं की 'एस' अर्थला जोडला जातो, वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, रिले ओढला जातो आणि हॉर्न वाजतात. हॉर्न दोन असतात, एक खालच्या सुराचा आणि एक वरच्या.

इथपर्यंत आकृती उत्तम आहे. रंग दिलेत, टोकांची नावं दिलीत, कुठली वायर कुठून जाते ते दिलंय. आता बटणाच्या पुढे बघा. बटणानंतर एक छोटीशी रेघ, आणि तिच्याखाली अर्थचं चिन्ह, म्हणजे एकाखाली एक लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा. संपली आकृती.

प्रत्यक्षात तिथे काही संपत नाही. बटण आहे चाकावर, चाक फिरतं, आणि बटणापाशी कुठलीही वायर अर्थकडे गेलेली नाही. बटणातून प्रवाह चाकाच्या धातूत येतो, तिथून दांड्यात, दांड्यातून स्टीअरिंग बॉक्समध्ये, बॉक्सच्या बोल्टमधून चासिसमध्ये, आणि चासिसमधून बॅटरीच्या ऋण टोकाला. म्हणजे जो दांडा गाडी वळवतो तोच दांडा हॉर्नची परतीची वायर आहे. एका भागाकडे दोन कामं आहेत. आकृतीत मात्र दांडा कुठेच नाही, आहे फक्त अर्थचं चिन्ह. आणि गंमत बघा, मराठीत त्या चिन्हाला आपण 'अर्थ'च म्हणतो आणि त्याचा अर्थ कुणी विचारत नाही.

मग आकृती चुकीची ठरते का? मी तसं म्हणणार नाही. १९५६ साली कारखान्यातून निघालेल्या गाडीत बटणापासून चासिसपर्यंत सगळा धातूच होता. तिथे 'अर्थ' असं एक चिन्ह काढून मोकळं होणं रास्त होतं, कारण ते चिन्ह मोडायचं असेल तर अख्खं स्टीअरिंग काढावं लागलं असतं. आकृतीने एक गोष्ट गृहीत धरली होती आणि ती गोष्ट तेव्हा खरी होती. साठ-सत्तर वर्षांनी दादाने नेमकं तेच गृहीत कापून काढलं आणि आकृती मात्र जुनीच वाचत राहिला. परीक्षक म्हणून माझा पहिला आक्षेप म्हणूनच आकृतीवर नाही, ती कुठल्या गाडीसाठी लागू आहे हे विसरून वाचणाऱ्यावर आहे.

पेपर वाचताना अशी चिन्हं ओळखायला शिका. 'प्रमाणित पद्धतीने नमुने स्वच्छ केले', 'नेहमीप्रमाणे बेसलाइन वजा केली', 'योग्य अर्थिंग केले' ही सगळी अर्थची चिन्हं आहेत. त्यांच्याखाली एक आख्खी साखळी असते. लेखकाच्या लॅबमध्ये ती साखळी शाबूत होती, म्हणून त्याने ती काढून दाखवली नाही. तुमच्या लॅबमध्ये ती शाबूत असेलच असं नाही.

दुसरा कागद: किटचं सूचना-पत्रक

दादाने पाठवलेलं पत्रक आठ पानांचं आहे. आधी त्याची बाजू मांडते, कारण परीक्षण म्हणजे नुसतं वाभाडे काढणं नव्हे. दांडा जोडात किती आत जायला हवा, जोडाचा स्क्रू बसावा म्हणून दांड्यावर खळगा कसा करायचा, लॉकनट का विसरायचा नाही, दोन जोडांचे कोन कसे जुळवायचे, शेवटी चाकांचं अलाइनमेंट का करून घ्यायचं, हे सगळं चित्रांसह दिलंय. स्टीअरिंग म्हणजे जीवाशी खेळ. तिथे पत्रकाने काही कसूर ठेवलेली नाही.

हॉर्न हा शब्द मात्र आठ पानांत एकदाही येत नाही. मला हे मोठं उणं वाटतं. पत्रक लिहिणाऱ्यापुढे एकच प्रश्न होता, चाक फिरवलं की गाडी नीट वळते का? त्या प्रश्नाला पत्रक पूर्ण उत्तर देतं. पण 'मी जो भाग काढायला सांगतोय तो आणखी काय काय करत होता?' हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. आणि रबरी जोड, पॉलियुरेथेनचे बुश ही ज्याची अभिमानाने सांगितलेली वैशिष्ट्यं आहेत, तीच विजेच्या नजरेतून बघितली तर रोधक आहेत. थरथर अडवणारं रबर प्रवाहही अडवतं. यात दोष रबराचा नाही, ते आपलं काम चोख करतंय. पण वाचणाऱ्याला हे सांगायला एक ओळ पुरली असती.

ती ओळ लिहिता येते, हे जुन्या गाड्याच दाखवून देतात. फोक्सवॅगन बीटलच्या स्टीअरिंगमध्ये कारखान्यातूनच एक लवचिक चकती असते, आणि ती चकती ओलांडून जाणारी एक छोटी वायर असते, केवळ हॉर्नसाठी. ती तुटली की बीटलचा हॉर्न मुका होतो. खुद्द जनरल मोटर्सच्या पुढच्या काळातल्या गाड्यांत रबर-कापडाचे जोड आले तेव्हा अशा अनेक जोडांत धातूची जाळी किंवा पट्टी घातलेली असे. रबर टाकलं तर हॉर्नची वाट वेगळी द्यावी लागते, हे त्या डिझायनर मंडळींना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे ही माहिती नवी नाही, ती पत्रकापर्यंत पोचली नाही इतकंच.

तिसरा मजकूर: ऐकीव सल्ला

दोन कागदांत उत्तर मिळेना, तेव्हा दादाने चार जाणकारांना विचारलं. सल्ले दोन आले. एक म्हणाला, "सोड ना, डॅशबोर्डवर एक बटण लाव, 'एस' टोकापासून वायर आण, दाबलं की अर्थ. अर्ध्या तासाचं काम." दुसरा म्हणाला, "रबरी जोडावरून तांब्याची विणलेली पट्टी टाक."

दादाने पट्टी टाकली, बटण दाबलं, हॉर्न वाजला. मला मेसेज आला: 'सॉल्व्ह्ड!' पुढच्या रविवारी गाडी बाहेर काढली, तर हॉर्न पुन्हा गप्प.

आता जरा थांबा आणि विचार करा. पट्टी टाकण्याआधी हॉर्न बंद, टाकल्यावर चालू. यावरून पट्टीने काम केलं असं म्हणता येईल का?

मी दादाला विचारलं, "पट्टी लावल्यावर वाजला तेव्हा चाक कुठे होतं? सरळ की वळवलेलं?" तो म्हणाला, वळवलेलं, कारण पट्टी लावायला जागा मिळावी म्हणून त्याने चाक पूर्ण डावीकडे फिरवलं होतं. मग मी म्हटलं, "आता पट्टी काढ, चाक त्याच कोनात ठेव आणि दाब."

पट्टी नसतानाही हॉर्न वाजला!

झालं असं होतं. दांडा ज्या नळीतून वर येतो ती नळी डॅशबोर्डला धातूच्या पट्ट्याने धरलेली असते. नळी आणि दांडा यांच्यामध्ये बेअरिंग असतं, त्यात ग्रीस असतं. काही कोनांत ग्रीसच्या थराला भेदून धातूला धातू लागतो आणि चोरवाट उघडते, काही कोनांत लागत नाही. म्हणजे दादाने एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, पट्टी आणि कोन. काम केलं कोनाने, श्रेय घेतलं पट्टीने. संशोधन पद्धतीच्या पेपरला 'कन्फाउंडर'ची व्याख्या पाठ करून लिहिता ना, ती व्याख्या म्हणजे हेच.

मग नीट चाचणी कशी केली

आधी वाट अर्ध्या-अर्ध्याने तोडली. रिलेच्या 'एस' टोकाला वायर लावून ती थेट चासिसला टेकवली. हॉर्न वाजला, म्हणजे बॅटरी, रिले आणि दोन्ही हॉर्न ठीक. मग हॉर्नची वायर कॉलमच्या वरच्या टोकापाशी अर्थ केली. वाजला, म्हणजे तिथपर्यंतची वायर ठीक. मग चाकाच्या मधल्या नटपासून चासिसपर्यंत एक तात्पुरती वायर धरून बटण दाबलं. वाजला, म्हणजे बटणही ठीक. उरला फक्त दांड्यापासून चासिसपर्यंतचा रस्ता, आकृतीत न काढलेला.

यापुढची चाचणी चाक मुद्दाम हॉर्न *न वाजणाऱ्या* कोनात ठेवून केली, चोरवाट बंद राहावी म्हणून. चार स्थिती तपासल्या:

१. काहीच जोडलं नाही: गप्प.
२. फक्त रबरी जोडावर पट्टी: गप्प.
३. फक्त रॅकपासून चासिसला वायर: गप्प.
४. दोन्ही एकदम: वाजला.

शेवटच्या स्थितीत बटण दाबून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. हॉर्न सलग वाजत राहिला.

ही चार ओळींची यादी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. दोन दोष एकापाठोपाठ एक असले की एकेक दुरुस्ती वेगवेगळी करून बघितल्यास दोन्ही निरुपयोगी वाटतात. दुसरी ओळ बघून तुम्ही म्हणाल 'पट्टीचा उपयोग नाही', तिसरी बघून म्हणाल 'रॅकचा संबंध नाही', आणि दोन्ही निष्कर्ष चूक. एका वेळी एकच घटक बदला, हा नियम आपल्याला शिकवतात. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. घटक एकमेकांवर अवलंबून असू शकतात असा संशय असेल तर चारही खाने भरावे लागतात.

मल्टिमीटरची बीप

दादाने दरम्यान मल्टिमीटरही लावला होता. "नटपासून चासिसपर्यंत बीप येते," असं त्याने ठासून सांगितलं. बीप खरी होती, पण एकाच कोनात घेतलेली. त्याशिवाय तिच्यात आणखी एक पाणी मुरतंय.

मल्टिमीटर बीप देतो तो मिलिअँपिअरच्या घरातल्या प्रवाहावर, आणि एक-दोन ओहमचा रोध मध्ये असला तरी तो खुशाल वाजतो. आता बीटलसारखी गाडी घ्या. तिच्यात रिले नाही, हॉर्नचा पूर्ण प्रवाह याच वाटेने परत जातो. हॉर्न १२ व्होल्टला ४ अँपिअर घेतो असं धरू, म्हणजे ढोबळमानाने तो ३ ओहमचा झाला. हॉर्नमध्ये संपर्क सतत उघडझाप करतो, त्यामुळे हा आकडा सरासरीचा समजा. वाटेत १ ओहम आला तर प्रवाह ३ अँपिअरवर येतो आणि हॉर्नला १२ ऐवजी ९ व्होल्ट मिळतात. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजेल. बीप मात्र 'सगळं छान' म्हणेल.

तोच १ ओहम रिले असलेल्या गाडीत घाला. रिलेचं वेटोळं साधारण ८० ओहमचं धरलं तर त्याला ११.८५ व्होल्ट मिळतात. त्याला काही कळतसुद्धा नाही. दोष तोच, एका गाडीत गंभीर आणि दुसरीत नगण्य. म्हणून खरी तपासणी अशी करायची: बटण दाबून ठेवायचं आणि दांडा व बॅटरीचं ऋण टोक यांच्यामध्ये व्होल्ट मोजायचे. प्रत्यक्ष काम चालू असताना वाटेत किती व्होल्ट सांडतात, तेवढंच आपल्याला हवंय. तुमच्या उपकरणाचं कॅलिब्रेशन कुठल्या पल्ल्यात केलंय आणि मोजमाप कुठल्या पल्ल्यात करताय, हा प्रश्न याच घरातला.

उपायांचं परीक्षण

डॅशबोर्डवरचं बटण हा उपाय चालतो, पण तो मूळ प्रश्न बदलून टाकतो. प्रश्न होता 'चाकावरचा हॉर्न चालावा', उत्तर मिळालं 'एक हॉर्न चालतो'. ऐन वेळी हात शोधतो चाकाचा मध्य. ज्या गल्लीत दादाला हॉर्न हवा होता तिथे डॅशबोर्डवरच्या बटणाने काहीच साधलं नसतं. तात्पुरती सोय म्हणून ठीक, दुरुस्ती म्हणून नामंजूर.

जोडावर पट्टी आणि रॅकपासून चासिसला वायर, ही जोडी योग्य आहे. फक्त पट्टीला फिरण्यापुरती ढील हवी, ती कशात अडकता कामा नये, आणि ती बसवायला स्टीअरिंगच्या भागांना भोक पाडायचं नाही की वेल्डिंग करायचं नाही. हॉर्नसाठी स्टीअरिंग कमजोर करणं म्हणजे पागोट्यासाठी डोकं कापणं.

दादाने शेवटी तिसरा उपाय निवडला. वरच्या दांड्याला सतत घासत राहील अशी फॉस्फर-ब्राँझची स्प्रिंगपट्टी कॉलमवर बसवली आणि तिथून वायर काढून थेट चासिसला दिली. या उपायात खालचे जोड, रॅक, बुश यांचा हॉर्नशी संबंधच उरत नाही आणि स्टीअरिंगच्या एकाही जोराच्या भागाला हात लागत नाही. मूळ बटण, मूळ रिले, मूळ हॉर्न सगळं शाबूत. उणीवही सांगते: पट्टी झिजणार, धूळ धरणार, वर्षाकाठी साफ करावी लागणार. दांड्याची परत मोजणी केली, बटण दाबून वाटेतली गळती ०.१ व्होल्टच्या आत आली.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक सूचना. हे वाचून घरच्या जुन्या गाडीचं स्टीअरिंग बदलायला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई आहे, आणि पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या 'व्हिंटेज' नोंदणीचे २०२१ चे नियम गाडी मूळ रूपात असण्यावर भर देतात.

हा प्रश्न मला कसा सुचला

'पट्टी काढून त्याच कोनात दाब' हे मला हुशारीमुळे सुचलं असं समजू नका. तो प्रश्न आधी मला विचारला गेला होता.

दुसऱ्या वर्षी मी थंड तापमानाला नमुन्यांचा विद्युत रोध मोजत होते. नमुन्याकडे उष्णता झिरपू नये म्हणून धारकाचा एक पितळी स्क्रू काढून मी नायलॉनचा घातला. उष्णता थांबली, मी खूश. मग दिसायला लागलं की १५० केल्विनच्या खाली सिग्नलमधला गोंगाट एकदम वाढतोय. दरवेळी, त्याच तापमानाला. मी तीन नमुने मोजले, तिन्हींत तेच. पुन्हा पुन्हा येतंय म्हणजे खरं, असं मी धरून चालले. पदार्थात काहीतरी बदलतंय असा गोषवारा लिहिला आणि एका परिषदेला पाठवलासुद्धा.

ग्रुप मीटिंगमध्ये एका सीनियरने शांतपणे विचारलं, "पितळी स्क्रू परत लावून मोजलंस का?" नव्हतं मोजलं. मोजलं, आणि गोंगाट गायब. तो स्क्रू नुसता नमुना धरत नव्हता, आवरणाचा डबा अर्थला जोडणारा एकमेव पक्का धातू तोच होता. नायलॉनचा घातल्यावर डबा योगायोगाने बाजूच्या चौकटीला टेकून अर्थ होत होता. थंडीने आकुंचन झालं की तो टेका सुटायचा, आणि ५० हर्ट्झचा कचरा आत शिरायचा. आकुंचन दरवेळी सारखंच, म्हणून तापमानही दरवेळी तेच. माझी चोरवाट कोनाऐवजी तापमानावर उघडझाप करत होती, इतकाच फरक.

गोषवारा मागे घेतला. सात आठवड्यांची मोजणी बाद झाली. सर रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी नेमकं पत्रक लिहिणाऱ्यासारखं वागले होते. स्क्रू बदलण्यामागचं कारण वहीत व्यवस्थित लिहिलं होतं, तो स्क्रू आणखी काय करत होता हे विचारलंच नव्हतं.

तुमच्यासाठी

पुढचा पेपर वाचताना किंवा सिनॉप्सिसमधली पद्धत लिहिताना हे चार प्रश्न कागदाच्या कडेला लिहा:

१. यात अर्थचं चिन्ह कुठे कुठे आहे? त्याखालची साखळी मला काढता येईल का?
२. मी जो भाग, रसायन किंवा टप्पा बदलतोय, तो आणखी कुठलं काम करत होता?
३. बदल उलटा करून, बाकी सगळं तसंच ठेवून, पुन्हा मोजलंय का?
४. माझी तपासणी खऱ्या कामाच्या पल्ल्यात केलीय, की नुसती बीप ऐकलीय?

आणि एक गृहपाठ. तुमच्या लॅबमधलं रोजच्या वापरातलं एक उपकरण घ्या. त्याचा एक साधा भाग निवडा, एखादा स्क्रू, रबराची चकती, नळी, काहीही. तो काढला तर काय काय थांबेल याची यादी करा, मग लॅब असिस्टंट काकांना किंवा मावशींना विचारून ती तपासा. माझ्या यादीत दोन कामं होती. आमच्या काकांनी तिसरं सांगितलं, तेही चहाचा कप खाली न ठेवता.

दादाचा कालच व्हिडिओ आला. गाडी उभी, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतंय आणि दोन्ही हॉर्न सलग वाजतायत. मागून वहिनीचा आवाज येतोय, "अहो, पुरे आता!"

पुढच्या लेखात चारही खाने भरायचे म्हणजे प्रयोगाचा आराखडा कसा करायचा, ते आकड्यांसकट बघू.